ज्याने आईला स्वयंपाकघरातल्या टेबलावर झोपवून वाचवलं, तो सर्जन पित्ताच्या खड्यांनीच गेला

कोल्हापुरातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याबाहेर दहा मिनिटं थांबा. कागल, गडहिंग्लज, राधानगरीकडून आलेली माणसं दिसतील. हातात रिपोर्टची पिशवी आणि चेहऱ्यावर एकच काळजी. आजीच्या पोटात दुखतंय, ताप उतरत नाही, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आणि पू निघालाय. पण आजीचं वय ऐंशी, हृदय कमजोर आणि शुगर वाढलेली. मग डॉक्टर सांगतात की आत्ता ऑपरेशन झेपणार नाही, आधी नळी टाकून पू काढू.

घरच्यांना वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले. नळी म्हणजे तात्पुरती मलमपट्टी.

तसं नाही. या नळीमागे १४० वर्षांहून जुना इतिहास आहे. त्यातलं मोठं नाव म्हणजे विल्यम स्टुअर्ट हॉलस्टेड.

हॉलस्टेडचा जन्म १८५२ चा, न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरातला. येल कॉलेजात असताना गडी अभ्यासापेक्षा फुटबॉलमध्ये जास्त रमायचा, टीमचा कॅप्टनही होता. मग अचानक डॉक्टरकीचं वेड लागलं. १८७७ मध्ये डॉक्टर झाला आणि नंतर दोन वर्षं युरोपात मोठमोठ्या सर्जन लोकांच्या हाताखाली शिकून परत आला.

१८८१ मध्ये तो बहिणीला भेटायला गेला. बाळंतपणानंतर तिचा रक्तस्राव थांबत नव्हता, ती शेवटच्या घटका मोजत होती. हॉलस्टेडने स्वतःच्या शिरेतून रक्त काढलं आणि तिला दिलं. तेव्हा रक्तगट ही भानगडच कुणाला माहीत नव्हती, त्यांचा शोध लागला १९०१ मध्ये. रक्त जुळलं नसतं तर बहीण त्याच्याच हातून गेली असती. नशिबाने ती वाचली.

पुढच्या वर्षी पाळी आईची होती.

ऑल्बनी गावात आई खूप आजारी पडली. अंग पिवळं पडलेलं, ताप चढलेला, पोटात उजव्या बाजूला गोळा लागत होता. हॉलस्टेड पोहोचला तेव्हा तिची अवस्था इतकी वाईट होती की सकाळची वाट बघण्यात अर्थ नव्हता. रात्री दोनच्या सुमारास त्याने आईला स्वयंपाकघरातल्या टेबलावर झोपवलं आणि पोट उघडलं. पित्ताशय पुवाने टम्म फुगलं होतं. त्याने त्याला छेद दिला, पू बाहेर काढला आणि सात खडेही काढले.

इथे एक गोष्ट नीट बघा. त्याने पित्ताशय काढून टाकलं नाही. फक्त रिकामं केलं.

अख्खं पित्ताशय काढायचं ऑपरेशन जगात पहिल्यांदा झालं तेच मुळी १८८२ च्या जुलै महिन्यात, बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख याच्या हातून. त्याआधी १८६७ मध्ये अमेरिकेतल्या जॉन बॉब्जने पित्ताशय उघडून खडे काढले होते. म्हणजे हॉलस्टेडने आईवर जे केलं ते त्या काळात मोजक्याच लोकांनी केलेलं काम होतं. आई बरी झाली आणि आणखी सुमारे दोन वर्षं जगली.

खरा धोका होता आत कोंडलेल्या पुवाचा. तो बाहेर पडला की शरीराला श्वास घ्यायला जागा मिळते. आजच्या नळीमागचं तत्त्वही तेच आहे.

पण हॉलस्टेडची गोष्ट इथे संपत नाही. १८८४ मध्ये कोकेनने डोळा बधिर करता येतो हे कळलं. हॉलस्टेड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विचार केला की नसेजवळ इंजेक्शन दिलं तर शरीराचा तेवढाच भाग बधिर होईल. प्रयोग कुणावर करायचा? स्वतःवरच. प्रयोग यशस्वी झाला, पण कोकेनचं व्यसन लागलं. काही सहकारी तर त्यात आयुष्यातूनच उठले. हॉलस्टेडला उपचारासाठी दाखल व्हावं लागलं. तिथे कोकेन सोडवायला मॉर्फिन दिलं, आणि मॉर्फिन पुढे वर्षानुवर्षं सुटलं नाही. हे गुपित जगाला कळलं १९६९ मध्ये, तो गेल्यावर ४७ वर्षांनी.

करिअर संपलं असं सगळ्यांना वाटत होतं. पण त्याचा मित्र विल्यम वेल्च याने त्याला बाल्टिमोरला बोलावलं. १८८९ मध्ये तिथे जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं आणि पुढे हॉलस्टेड सर्जरीचा प्रमुख झाला. योगायोग बघा, त्याच वर्षी डॉ. विल्यम वानलेस आपल्या सांगली भागात आले. त्यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, ज्याच्यामुळे कोल्हापूरच्या माणसाला ऑपरेशनसाठी मिरज जवळची झाली.

हॉपकिन्समध्ये ऑपरेशनला मदत करणाऱ्या कॅरोलिन हॅम्प्टन या नर्सचे हात जंतुनाशकाने सोलून निघायचे. हॉलस्टेडने गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. १८९० मध्ये दोघांनी लग्न केलं. पुढे सगळेच ते हातमोजे घालायला लागले आणि जखमा चिघळण्याचं प्रमाण घटलं. शिकाऊ सर्जनने वर्षानुवर्षं हॉस्पिटलमध्येच राहून टप्प्याटप्प्याने तयार व्हायचं, ही पद्धतही त्यानेच रुजवली.

आणि मग नियतीने हिशोब मांडला. १९१९ मध्ये हॉलस्टेडचंच पित्ताशय खड्यांमुळे काढावं लागलं. १९२२ मध्ये पुन्हा कावीळ झाली, कारण पित्तनलिकेत खडा अडकला होता. त्याच्याच शिष्यांनी ऑपरेशन केलं. पण न्यूमोनिया झाला आणि ७ सप्टेंबर १९२२ ला तो गेला. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूरने शाहू महाराजांना गमावलं होतं. हॉलस्टेडनंतर तीन महिन्यांच्या आतच कॅरोलिनही गेली.

आज तोच खडा तोंडावाटे दुर्बीण घालून, पोट न फाडता काढता येतो.

आता आपल्या आजीकडे येऊ. नळी टाकताना पूर्ण भूल लागत नाही. सोनोग्राफीवर बघत, तेवढीच जागा बधिर करून, बरगड्यांखालून बहुतेक वेळा यकृतातून सुई पित्ताशयात नेतात आणि नळी बसवतात. पू बाहेरच्या पिशवीत जमा होतो. अनेकदा एक-दोन दिवसांतच ताप उतरू लागतो.

पण नळी सगळ्यांसाठी नाही. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या एका अभ्यासात जोखमीच्या १४२ रुग्णांची तुलना झाली. दुर्बिणीने ऑपरेशन केलेल्यांपैकी १२ टक्के जणांना गंभीर त्रास झाला, नळी टाकलेल्यांपैकी ६५ टक्के जणांना. अगदी अत्यवस्थ रुग्ण मात्र या अभ्यासात घेतलेच नव्हते. म्हणजे ज्याला ऑपरेशन झेपतं त्याने ते करून घेणं चांगलं, आणि ज्याला खरंच झेपत नाही त्याच्यासाठी नळी आहे.

नळीने खडे जात नाहीत. ती साधारण तीन ते सहा आठवडे ठेवतात आणि तब्येत सुधारली की पुढे ऑपरेशनचा विचार होतो. या काळात नळी ओढली जाणार नाही हे बघा. ती निसटली, पित्त येणं अचानक थांबलं, ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर घरी वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा.

पुढच्या वेळी डॉक्टर म्हणाले की आधी नळी टाकू, तर त्यांनी हात टेकले असं समजू नका. त्यांच्या हातातले मोजे, ती जागा बधिर करणारं इंजेक्शन आणि पू आधी काढायचा हा निर्णय, या तिन्ही गोष्टींचा धागा त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाकलेल्या मुलापर्यंत जातो.