लोहारांच्या कुळातला फ्रँकलिन
द्वितीय वर्ष, कला

थोर पुरुषांची चरित्रे बहुधा त्यांच्या जन्मापासून सुरू होतात. बेंजामिन फ्रँकलिनने १७७१ साली आत्मचरित्र लिहायला घेतले, तेव्हा त्याने आपल्या मुलाला आधी कुळाची हकिगत सांगितली. विजेवर प्रयोग करणारा आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा फ्रँकलिन आपल्याला ठाऊक असतो. मला मात्र पूर्वज शोधत हिंडणारा फ्रँकलिन अधिक जवळचा वाटला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पणजोबांच्या पलीकडे एकही नाव मला सांगता येत नाही.

फ्रँकलिनचा बाप जोसाया हा मूळचा इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायर परगण्यातील एक्टन गावचा. धंद्याने तो रंगारी. सरकारमान्य चर्चपेक्षा वेगळ्या पंथाच्या प्रार्थनासभांना त्या काळी कायद्याने बंदी होती. म्हणून १६८३ च्या सुमारास बायको आणि तीन मुले घेऊन तो समुद्रापार बोस्टनला गेला. तिथे रंगाऱ्याला पुरेसे काम मिळेना, तेव्हा त्याने चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण करण्याचा धंदा धरला. पहिली बायको वारल्यावर त्याने दुसरे लग्न केले. दोघींची मिळून सतरा मुले झाली. त्यांतला सर्वांत धाकटा मुलगा बेंजामिन १७०६ साली जन्मला. त्याच्या वाट्याला शाळा आली ती जेमतेम दोन वर्षे. दहाव्या वर्षी तो बापाच्या हाताखाली आणि बाराव्या वर्षी भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागला. सतराव्या वर्षी तिथून पळून तो फिलाडेल्फियाला आला आणि छपाईच्याच धंद्यावर मोठा झाला.

१७५७ साली पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाचा वकील म्हणून तो लंडनला गेला. पुढच्याच वर्षी मुलगा विल्यम याला घेऊन त्याने एक्टन गाठले आणि चर्चच्या नोंदवह्या चाळल्या. त्यांत १५५५ पासूनचे जन्म, विवाह आणि दफन नोंदलेले होते. घराण्याकडे सुमारे तीस एकर जमीन होती. तेवढ्यावर भागत नसे, म्हणून थोरला मुलगा पिढ्यान्‌पिढ्या लोहारकाम शिके. आपण पाच पिढ्यांच्या धाकट्याचे धाकटे आहोत, हेही फ्रँकलिनला तिथेच उमगले.

थॉमस नावाचा त्याचा एक चुलता लोहारकाम सोडून लिहिणे-वाचणे शिकला आणि लोकांची कायदेशीर कागदपत्रे तयार करू लागला. परगण्यातल्या लोकोपयोगी कामांत त्याचे वजन होते. जुन्या कालगणनेप्रमाणे, फ्रँकलिनच्या जन्माआधी बरोबर चार वर्षे, त्याच तारखेला तो वारला. दोघांच्या स्वभावातले साम्य ऐकून विल्यमला तर पुनर्जन्माची आठवण झाली!

वह्यांत नसलेल्या गोष्टी माणसांच्या तोंडी असतात. मेरी राणीच्या कारकिर्दीत प्रॉटेस्टंटांचा छळ चालू असताना या घरातले बायबल एका स्टुलाच्या खालच्या बाजूला फितींनी बांधून ठेवलेले असे. खापरपणजा ते स्टूल मांडीवर उलटे घेऊन वाची आणि एक मूल दाराशी पहारा करी. ही आठवण दुसऱ्या एका चुलत्याने जपली होती, म्हणून ती राहिली.

फ्रँकलिन पोहोचला तेव्हा त्या दगडी वडिलोपार्जित घराची पडझड झाली होती आणि तिथे शाळा भरत होती. हे वाचून मला फार बरे वाटले.

कबरस्तानात पूर्वजांच्या शिळांवर शेवाळ चढले होते. तिथल्या धर्मगुरूच्या बायकोने ब्रश आणि पाणी मागवले. पीटरने शिळा घासून स्वच्छ केल्या आणि विल्यमने त्यांवरची अक्षरे उतरून घेतली. हा पीटर फ्रँकलिनचा गुलाम होता. दुसऱ्याच्या पणज्या-खापरपणज्यांची नावे त्याने उजळून दिली. त्याच्या स्वतःच्या पूर्वजांची नोंद ठेवणारे चर्च कुठे होते? विल्यमच्या आईचे नावही फ्रँकलिनने कधी उघड केले नाही. कुळाच्या कागदात कोण येते आणि कोण बाहेर राहते, हे मला या दोन गोष्टींवरून कळले.

पुढे स्वातंत्र्ययुद्धात विल्यम इंग्लंडच्या राजाच्या बाजूला राहिला आणि बापलेकांत कायमचे अंतर पडले. गुलामांच्या बाबतीत फ्रँकलिन उशिरा का होईना बदलला. १७८७ साली तो पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १७९० च्या फेब्रुवारीत त्याच्या सहीचा अर्ज अमेरिकन काँग्रेसपुढे गेला. त्याच वर्षी १७ एप्रिलला तो वारला.

पैसा आणि कीर्ती मिळाल्यावर कुळाला राजघराण्याचे ठिगळ लावणारे पुष्कळ असतात. फ्रँकलिनला नोंदवह्यांत लोहार आणि शेतकरी सापडले; ते त्याने तसेच लिहून ठेवले. राजदरबारी वकिली केलेल्या या माणसाने मृत्युपत्रातही आपल्या नावापुढे पहिला शब्द घातला तो मुद्रक हा. हाताने काम करणाऱ्यांच्या घरातून आलेल्या आपल्यासारख्यांनी एवढे तरी त्याच्याकडून घ्यावे. आणि नावे लिहायला बसलो, तर शिळा घासणाऱ्याचेही नाव लिहावे.