नंदाचे आईबाप : अण्णाभाऊ साठे यांच्या चरित्राच्या प्रकाशात एक कथा

अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा वर्गात शिकवताना तिचे दोन अन्वयार्थ हमखास पुढे येतात. भीमा हा बेकारीचा बळी आहे, हा पहिला. आणि ही बीभत्स व भयानक रसांची कथा आहे, हा दुसरा. दोहोंतही तथ्य आहे. तथापि भीमा कोणाचा तरी नवरा आणि नंदा नावाच्या लहान मुलीचा बाप आहे, ही साधी गोष्ट दोन्ही वाचनांतून निसटते. परमुलखात पोरीला जगवू पाहणाऱ्या एका तरुण जोडप्याची ही कथा आहे. अण्णाभाऊंचे चरित्र तिच्याशेजारी ठेवले असता ही बाजू उजळते. चरित्रदृष्ट्या या कथेत लेखकाची जागा भीमाची नसून नंदाची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच अण्णाभाऊ, यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात येते. वडील भाऊराव मुंबईत मोलमजुरीला आणि आई वालुबाई गावी, अशी संसाराची विभागणी होती. इंग्रजांचा खजिना लुटून परतलेल्या फकिराने याच सुमारास बाळंतिणीला ओंजळीने सुरती रुपये दिले, अशी आठवण चरित्रग्रंथांतून सांगितली जाते. तिच्यातील आख्यायिकेचा अंश बाजूला काढला, तरी अण्णाभाऊंच्या मनात या आठवणीला मोठे स्थान होते, हे १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फकिरा’ या कादंबरीवरून कळते. आपल्या तोंडात पडलेली पहिली घुटी लुटीच्या पैशांतून आली, ही जाणीव घेऊन वाढलेला हा लेखक आहे. नंदाचे पोटही तशाच कमाईवर भरते.

या आठवणीला एक काळा पदर आहे. मांग समाज त्या काळी गुन्हेगार जमाती कायद्याच्या जाचाखाली होता. पुरुषांना चावडीवर हजेरी द्यावी लागे. गावात चोरी झाली की पहिला संशय ठरलेलाच असे. बाप होण्याआधीच चोर ठरवल्या गेलेल्या माणसांमध्ये अण्णाभाऊ वाढले. अशा लेखकाने निष्कलंक, कष्टाळू, सोशिक बाप रंगवला असता तर ते समजण्यासारखे होते. प्रचाराच्या दृष्टीने तेच सोयीचेही ठरले असते. त्यांनी मात्र प्रेते उकरणारा बाप रंगवला. हे धाडस आपल्या समीक्षेने पुरेसे जोखलेले नाही.

१९३१-३२ च्या सुमारास साठे कुटुंब वाटेगाव सोडून पायी मुंबईस निघाले. अण्णाभाऊ तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते. शाळा जवळजवळ झालेलीच नव्हती. अक्षरओळख पुढे मुंबईत, दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरची पत्रके वाचता वाचता झाली. कोळसे वेचणे, हमाली, गिरणीतील नोकरी अशी कामे त्यांनी केली. या वाटचालीकडे अभ्यासक सहसा भावी साहित्यिकाची जडणघडण म्हणून पाहतात. दोन तरुण माणसे काखेत-कडेवर संसार घेऊन अनोळखी शहराकडे चालत आहेत आणि त्यांचे कष्ट एक पोर न बोलता पाहत आहे, असे त्या चित्राकडे पाहिले म्हणजे कथेचे मूळ दिसू लागते.

पुढील जीवनक्रम सुपरिचित आहे. कम्युनिस्ट चळवळीतील कार्य, १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह काढलेले लाल बावटा कलापथक, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील शाहिरी, १९५८ साली मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन, १९६१ चा रशियाचा प्रवास. येथे एवढेच नोंदवावयाचे की, ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची गाजलेली छक्कड राजकीय असूनही तिचा गाभा ताटातूट झालेल्या तरुण जोडप्याचा आहे. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत संसार करीत, मुले वाढवीत ते लिहीत होते. बाप असण्याची विवंचना आता त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आली होती.

आता कथेकडे वळू. वारणाकाठचा धिप्पाड भीमा कामासाठी मुंबईत येतो. शहरात काम मिळत नाही, म्हणून तो जंगलालगतच्या उपनगरात दगडाच्या खाणीवर लागतो. बायको आणि नंदा बरोबर असतात. काही महिन्यांनी खाण बंद पडते. घरी परतताना त्याला चितेच्या राखेत सोन्याची अंगठी सापडते. तो राख चाळू लागतो, पुढे प्रेते उकरू लागतो. दिवसभर राबून जे मिळत नाही ते मढ्यापाशी मिळते, हा त्याचा हिशेब आहे. या हिशेबाला कथेत एकच माणूस हरकत घेते, ती म्हणजे नंदाची आई. तिला लोकांच्या बोलण्याची भीती आहे, मढ्यांच्या संगतीची भीती आहे. त्या रात्री जाऊ नये म्हणून ती विनवते. भीमा तिचे ऐकत नाही. विशेष असे की, तीही त्याच कमाईवर चूल पेटवीत आली आहे. म्हणून तिची हरकत बाहेरून केलेल्या नीतिबोधासारखी वाटत नाही. अण्णाभाऊ भीमाला दोषमुक्त करीत नाहीत. पण त्याच्यावरील आरोप त्यांनी पोलिसाच्या वा पाटलाच्या हाती न देता त्याच्याच घरात ठेवला. ज्यांच्या समाजाचा न्याय पिढ्यान्पिढ्या चावडीवर झाला, त्या लेखकाची ही निवड मला फार मोलाची वाटते.

शेवट सर्वांना आठवतो : प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटे, कोल्ह्यांशी झुंज, डॉक्टरांनी कापलेली दोन बोटे आणि त्याच दिवशी आलेली खाण सुरू झाल्याची वार्ता. भीमा लहान मुलासारखा रडतो. हा नियतीचा उपरोध आहे असे म्हणून थांबणे पुरेसे नाही. डोंगर फोडणारी बोटे हाच त्या आईबापांकडे असलेला एकमेव ठेवा होता. सोन्याच्या बदल्यात तोच गेला. १९९२ च्या अर्जुन डांगळे संपादित ‘पॉयझन्ड ब्रेड’ या इंग्रजी संकलनामुळे ही कथा दूरवर पोहोचली. पण तिथेही वाचक बहुधा भीमाच्या झुंजीतच गुंतून राहतो.

अण्णाभाऊंच्या अखेरच्या वर्षांत त्यांचा स्वतःचा संसार विस्कटला. एकाकीपण आणि व्यसन यांनी त्यांना ग्रासले. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात १८ जुलै १९६९ रोजी वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर आठ महिन्यांनी, मार्च १९७० मध्ये, सिडकोची स्थापना झाली. खाडीपलीकडे नवे शहर उभे राहू लागले आणि पारसिकच्या डोंगरांतील खाणी त्याला खडी पुरवू लागल्या. नवी मुंबईतील महाविद्यालयांत शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांचे आईवडील अशाच खाणींवर राबलेले असतात. कथा संपल्यावर ती मुले रससिद्धान्ताविषयी क्वचितच काही विचारतात. दोन बोटे गेलेल्या माणसाला खाणीवर पुन्हा घेतले असते का, आणि नसते तर कामावर नंदाची आई गेली असती का, असे ती विचारतात.