जॉन मोझेस ब्राउनिंग

जॉन मोझेस ब्राउनिंग (२३ जानेवारी १८५५ – २६ नोव्हेंबर १९२६) हे अमेरिकन बंदूक-रचनाकार होते. त्यांच्या नावे १२८ पेटंटे आहेत. सैनिकी शस्त्रांमुळे ते जगाला ठाऊक झाले, तरी शिकारीच्या छऱ्याच्या बंदुकीतील त्यांचे काम अधिक दीर्घायुषी म्हणावे लागेल.

जडणघडण

युटामधील ऑग्डेन येथे वडील जोनाथन यांचे बंदुका घडवण्याचे व दुरुस्तीचे दुकान होते. जॉन यांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. खरी शाळा हे दुकान. १८७९ मध्ये वडील निवर्तले व त्याच वर्षी जॉन यांना एकबारी रायफलचे पहिले पेटंट मिळाले. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीने तिचे हक्क ८,००० डॉलरला घेतले. याच कंपनीसाठी त्यांनी १८८७ व १८९३ च्या छऱ्याच्या बंदुका रचल्या. १८९३ ची बंदूक काळ्या दारूसाठी होती. धूरविरहित दारूसाठी ती १८९७ मध्ये अधिक मजबूत करण्यात आली.

ऑटो-५

१९०० मध्ये पेटंट मिळालेली ही स्वयंभरण बंदूक देताना ब्राउनिंग यांनी एकरकमी मोबदल्याऐवजी प्रत्येक नगामागे मानधन मागितले. विंचेस्टरने नकार दिला आणि जवळपास दोन दशकांचे संबंध तुटले. जानेवारी १९०२ मध्ये ते रेमिंग्टनकडे गेले. परंतु भेटीची वाट पाहत असतानाच तेथील अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांचे निधन झाले. अखेर बेल्जियममधील एर्स्ताल येथील एफएन कारखान्याने ती स्वीकारली. रेमिंग्टननेही १९०५ पासून ती काढली व पुढे तिला ‘मॉडेल ११’ हे नाव मिळाले.

हिच्यात बार उडताच नळी व मागचा खटका एकत्र मागे सरकतात. हा धक्का स्प्रिंग आणि काडतुसांच्या नळकांड्यावर घट्ट बसणारा कांस्याचा घर्षणतुकडा मिळून झेलतात. जड काडतुसांसाठी पोलादी कडी स्प्रिंग व घर्षणतुकडा यांच्यामध्ये, तर हलक्या काडतुसांसाठी स्प्रिंगच्या मागे बसवावी लागते. जड बारांना कडी मागेच राहिली, तर धक्का वाढून पुढील लाकडी मूठ तडकते. जुन्या बंदुकांच्या दुरुस्तीत ही तडक नेहमी आढळते. नळकांड्याला तेलाचा पुसटसा हात पुरतो. सढळ तेलाने घर्षण घटते आणि बंदुकीचे नुकसानच होते. शिवाय युद्धपूर्व १६ बोअरच्या अनेक बंदुकांचे काडतूसघर ६५ मिलिमीटरचे आहे. त्यात आजची ७० मिलिमीटरची काडतुसे वापरणे धोक्याचे असल्याने दुरुस्तीपूर्वी ते मोजून घेतात.

ऑटो-५ चे उत्पादन १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालले.

मृत्यू

ब्राउनिंग यांचे एर्स्ताल येथील कारखान्यातच हृदयविकाराने निधन झाले. एकावर एक दोन नळ्यांची ‘सुपरपोज्ड’ ही त्यांची अखेरची छऱ्याची बंदूक. तिचे उरलेले काम मुलगा व्हॅल यांनी पुरे केले.