फॅरेडेची काचनळी

थर्ड इयरच्या सेमिनारला माझ्या वाट्याला विषय आला : गॅसच्या पाइपलाइनमध्ये हायड्रेट जमून ती तुंबू नये म्हणून सोडायची रसायने. रूममेट हसत सुटला. लायब्ररीत पुस्तक उघडलं तर सुरुवातीलाच ओळखीचं नाव, मायकेल फॅरेडे. मोटर आणि जनरेटरवाला फॅरेडे इथे काय करतोय? ते शोधता शोधता सेमिनार राहिला बाजूला आणि मी त्याचं चरित्रच वाचत बसलो.

फॅरेडे २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी जन्मला. शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणी करणाऱ्या रीबो नावाच्या माणसाकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचू लागला. १८१२ साली कुणीतरी दिलेल्या तिकिटांवर त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हम्फ्री डेव्हीची चार व्याख्यानं ऐकली, त्याच्या नोट्स काढल्या, स्वतः बांधून डेव्हीला पाठवल्या. (आपण नोट्सची झेरॉक्स काढतो!) मार्च १८१३ मध्ये तो तिथे मदतनीस म्हणून लागला. पगार आठवड्याला २५ शिलिंग आणि वर राहायला खोल्या. लगेच डेव्हीबरोबर युरोपचा दौरा झाला. पण डेव्हीच्या नोकराने ऐनवेळी यायला नकार दिला, त्यामुळे नोकराचं कामही याच्याच गळ्यात पडलं. डेव्हीच्या बाईसाहेब तर त्याला जेवायलाही नोकरांच्या पंगतीत बसवत.

आता माझ्या विषयाकडे येतो. क्लोरीन वायू थंड केला की पिवळसर स्फटिक मिळतात. लोक त्यालाच गोठलेला क्लोरीन समजत. त्यात पाणीही आहे, हे डेव्हीने १८१० च्या सुमारास दाखवून दिलं. म्हणजे हे हायड्रेटच. १८२३ च्या कडाक्याच्या थंडीत फॅरेडेने ते स्फटिक पुन्हा बनवले आणि त्यांचं पृथक्करण केलं. क्लोरीनच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे दहा रेणू असा हिशेब निघाला. खरा आकडा त्याहून कमी आहे, पण त्या काळातल्या साधनांवर एवढं जमवणं काही सोपं नव्हतं.

डेव्हीने सुचवलं, हे स्फटिक बंद काचनळीत तापवून बघ. फॅरेडेने नळी वितळवून बंद केली आणि हलकेच ऊब दिली. स्फटिक मोडले आणि आत दोन द्रव दिसू लागले. खाली पिवळा, तेलकट थर. त्याच वेळी डेव्हीचे मित्र डॉ. पॅरिस प्रयोगशाळेत आले. नळीत तेल पाहून त्यांनी अस्वच्छ भांडी वापरल्याबद्दल फॅरेडेची थट्टा केली. नळी कापायला गेला तर ती फुटली आणि तेल गायब! दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना फॅरेडेची चिठ्ठी मिळाली, की ते तेल म्हणजे द्रवरूप क्लोरीन होतं.

झालं असं, की स्फटिक मोडल्यावर सुटलेल्या वायूला बाहेर पडायला जागाच नव्हती. दाब वाढत गेला आणि आपल्याच दाबाखाली वायूचा द्रव झाला. या नळ्या नंतरही फुटत राहिल्या. मार्च १८२३ मधल्या एका स्फोटात त्याच्या डोळ्यांत काचेचे १३ तुकडे गेले. सुदैवाने दृष्टी वाचली.

श्रेयाचा वाद मात्र चिघळला. फॅरेडेच्या निबंधाला डेव्हीने आपली टीप जोडली, की असं होईल हे आपल्या मनात होतंच. त्यानंतर फॅरेडेच्या रॉयल सोसायटीच्या निवडीला खुद्द अध्यक्ष डेव्हीनेच विरोध केला. तरीही जानेवारी १८२४ मध्ये तो निवडून आला, विरोधात फक्त एक मत. मला वाटतं, कल्पना डेव्हीची होती हे मान्यच करावं. पण नळीसमोर डोळे कुणाचे होते?

पुढे १८२५ साली बेन्झीन, १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तन. ते आपल्या सगळ्यांना परीक्षेपुरतं तरी माहीत आहे. सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद नाकारलं. शेवटी शेवटी स्मरणशक्ती पार गेली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो वारला.

त्यानंतर ६७ वर्षांनी, १९३४ साली, अमेरिकेत हॅमरश्मिट या इंजिनिअरने दाखवलं, की नैसर्गिक वायूच्या लाइनी तुंबवणारं ते 'बर्फ' पाण्याचं नसून हायड्रेट आहे. म्हणूनच ते शून्य अंशाच्या वरही जमतं. पाण्याचे रेणू पिंजरा करतात आणि मिथेन आत अडकतो. दाब जास्त आणि थंडी असली की झालं. मग लाइनमध्ये मेथॅनॉल किंवा ग्लायकॉल सोडतात. ते पाण्याच्या रेणूंना स्वतःशी बांधून ठेवतं, पिंजरा व्हायला जास्त थंडी लागते. पण पाण्याच्या वीस-तीस टक्के, कधी त्याहूनही जास्त घालावं लागतं! म्हणून नव्या रसायनांची धडपड. पॉलिव्हिनाइल कॅप्रोलॅक्टमसारखे पॉलिमर एखाद-दोन टक्क्यांतच स्फटिकाची वाढ लांबवतात. दुसरी जात स्फटिक होऊ देते, फक्त त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. ते तेलात गाळासारखे वाहत जातात.

आणि इतकं करूनही लाइन तुंबलीच तर? गुठळी मध्येच तापवायची नाही. घनफळाच्या सुमारे १६० पट वायू त्यात कोंडलेला असतो. दोन्ही बाजू बंद राहिल्या तर पाइप फुटतो. म्हणजे फॅरेडेचीच नळी, फक्त पोलादाची आणि किलोमीटरभर लांब! म्हणून दोन्ही टोकांकडून दाब हळूहळू उतरवतात. एकाच बाजूने उतरवला तर गुठळी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते.

सेमिनारची पहिली स्लाइड मी मेथॅनॉलऐवजी त्या काचनळीची केली आहे. गाइड सरांनी अजून बघितलेली नाही.