रस्ता आणि विद्या : डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्राचे एक उपेक्षित अंग

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव घेतले की मराठी वाचकाच्या मनासमोर प्रथम समुद्र येतो. एका तरुण ब्राह्मण स्त्रीने पतीशिवाय परदेशगमन केले, वैद्यकाची पदवी संपादन केली आणि पदवीचा उपयोग करण्यापूर्वीच ती निवर्तली, एवढा तपशील शालेय पाठांमुळे सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. परंतु हा समुद्र ओलांडण्याची गरज त्यांना का भासली, या प्रश्नाचे खुद्द आनंदीबाईंनी दिलेले उत्तर मात्र तितकेसे परिचित नाही. त्या उत्तरात हिंदुस्थानातील रस्त्याला फार मोठे स्थान आहे. रस्त्यावरून चालणाऱ्या स्त्रीला जे ऐकावे आणि सोसावे लागते, ते त्यांनी आपल्या निर्णयाच्या कारणांत मोजले आहे. त्यांच्या चरित्राकडे या बाजूने पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

या विचाराला निमित्त झाले ते वर्गातील एका प्रसंगाचे. अकोल्याहून वाशीमकडे जाताना पातूरच्या पुढे आणि मालेगावच्या अलीकडे मेडशी हे गाव लागते. या परिसरातील विद्यार्थिनी महाविद्यालयात येतात त्या बहुधा एस.टी.ने. एकोणिसाव्या शतकातील चरित्रवाङ्मय शिकविताना आनंदीबाईंच्या मुंबईतील शाळेचा उल्लेख आला, तेव्हा मेडशीकडून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने समुद्रप्रवासाविषयी काहीच विचारले नाही. घरापासून शाळेपर्यंत त्या कोणाच्या सोबतीने जात, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. थांब्यावरच्या टोळक्याला टाळण्यासाठी ती स्वतः एक गाडी आधीची धरत असे, हे नंतर कळले. तिचा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकानेही विचारावा असाच होता.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेर कल्याणच्या जोशी घराण्यातले. माहेरचे नाव यमुना. १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, टपालखात्यात नोकरीस असलेल्या गोपाळ विनायक जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गोपाळराव बिजवर होते आणि वयाने बरेच मोठे होते. बायकोला शिकवायचे हा त्यांचा हट्ट होता. या हट्टात सुधारकाची तळमळ होती, तसाच विक्षिप्तपणाही होता. अभ्यासात कुचराई झाली की ते मारहाण करीत. पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी या मारहाणीची आठवण स्पष्टपणे करून दिली आहे. त्यांचे शिक्षण घरात सुरू झाले तेही धाकाच्या सावलीत, ही गोष्ट चरित्रकाराने झाकून ठेवण्याचे कारण नाही. घर सुरक्षित आणि रस्ता तेवढा असुरक्षित, अशी सोपी विभागणी त्यांच्या आयुष्याला लागू पडत नाही.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर हे कुटुंब अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि कलकत्ता असे फिरत राहिले. कुमारवयातच आनंदीबाईंना मुलगा झाला आणि अवघ्या काही दिवसांत तो गेला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर मूल वाचले असते, ही खंत त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेमागे होती, असे सामान्यतः सांगितले जाते आणि ते खरेच आहे. पुरुष डॉक्टरांपुढे दुखणे उघड करण्यास स्त्रिया नाखूष असतात, म्हणून स्त्रीवैद्यांची गरज आहे, हे त्यांनी स्वतः मांडले होते. तथापि वैद्यक का शिकावे आणि ते अमेरिकेतच का शिकावे, हे दोन निराळे प्रश्न आहेत. मृत बालकाची आठवण पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी मुंबई आणि कलकत्त्याच्या रस्त्यांकडे वळावे लागते.

मुंबईत आनंदीबाई शाळेत जात त्या पायी, हातात पुस्तके घेऊन, पायांत बूट आणि मोजे घालून. त्या काळी उच्चवर्णीय स्त्रीने पायात बूट घालणे हाच लोकांच्या दृष्टीने उद्धटपणा होता. त्यात हाती पुस्तके. लोक खिडक्यांतून डोकी बाहेर काढून पाहत. काही जण त्यांना पाहण्यासाठी गाड्या थांबवीत. पादचारी हसत, आणि ही कोण बाई शाळेत चालली आहे, असे त्यांच्या कानी पडेल इतक्या मोठ्याने एकमेकांना विचारीत. त्या वेळी त्या चौदा वर्षांच्या आसपास होत्या.

१८८१ साली गोपाळरावांची बदली कलकत्त्यास झाली. बंगाल हा त्या वेळी सुधारणेच्या बाबतीत अग्रेसर मानला जाणारा प्रांत. ब्राह्मसमाजाची चळवळ तेथे मूळ धरून होती. मुलींच्या शाळा निघाल्या होत्या. तेथे तरी मोकळा श्वास घेता येईल ही अपेक्षा चुकीची ठरली. मुंबईत बाहेर पडताच भोवती माणसे जमत असत. कोणी खिदळत. सभ्यपणे व्हरांड्यात बसलेली मंडळी अचकट विचकट बोलत आणि खडे मारण्यासही कचरत नसत. दुकानदार आणि फेरीवाले त्यांना पाहून थुंकत. हावभाव तर असे करीत की त्यांचे वर्णन करणेही आनंदीबाईंना अशक्य वाटले. कलकत्त्यास तर हुगळीच्या काठी फिरावयास गेल्यास तू कोण, कोणत्या जातीची, कोठून आलीस, कोठे चाललीस, अशा प्रश्नांची सरबत्ती सुशिक्षित बाबूंकडून होई. इंग्रज आणि त्यांचे शिपाईदेखील असा त्रास देत नाहीत, हे त्यांनी आवर्जून नोंदविले. पारतंत्र्याच्या काळात हे विधान अवघड होते आणि आजच्या वाचकालाही ते बोचते. राज्यकर्त्यांची स्तुती करण्यासाठी ते केले गेले, असे मात्र दिसत नाही. आपल्याच माणसांकडून होणाऱ्या अपमानाची वेदना त्यात आहे.

हे सर्व आपणांस कळते ते त्यांच्या एका भाषणामुळे. गोपाळराव तेव्हा श्रीरामपूर येथे पोस्टमास्तर होते. हुगळीच्या पश्चिम तीरावरील या गावातील महाविद्यालयाच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. वयाची अठरा वर्षे पुरी होण्यास महिनाभर अवकाश होता. श्रोत्यांत एतद्देशीय आणि युरोपीय दोन्ही होते. अमेरिकेस जाण्याच्या आपल्या बेतावर लोक जे आक्षेप घेत, त्यांतून सहा प्रश्न निवडून त्यांनी एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेस का जावे, हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय, एकटीने का जावे, परत आल्यावर बहिष्कार पडणार नाही काय, संकट ओढवल्यास काय करावे, आणि आजवर कोणा स्त्रीने केले नाही ते आपणच का करावे, असे ते प्रश्न.

रस्त्यावरील छळाचे वर्णन या सहापैकी दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात येते, ही गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. देशात सोय अजिबात नाही, असे त्या म्हणत नाहीत. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश होता, सुइणीच्या शिक्षणाचे वर्ग इतरत्रही होते. या सोयींचा त्या उल्लेख करतात. त्यांतील उणिवा सांगून झाल्यावर त्या रस्त्याकडे वळतात. शाळा असूनही शाळेपर्यंत पोहोचणे कठीण असेल, तर ती सोय स्त्रीच्या दृष्टीने अपुरीच राहते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. येथे त्या सहानुभूतीची याचना करीत नाहीत. वकिलाने पुरावा मांडावा तसे त्या पाहणे, हसणे, विचारणे, खडा मारणे, थुंकणे, हावभाव करणे अशी एकेक कृती वेगळी करून सांगतात. या प्रकारांसाठी मराठीत छेडछाड हा शब्द रूढ झाला आहे आणि त्यात खेळकरपणाची एक छटा आहे. आनंदीबाईंच्या कथनात ती छटा कोठेही नाही.

आणखी एक मुद्दा त्या स्पष्ट करतात. धर्मांतर करून इंग्रजी पोशाख घालणाऱ्या स्त्रीकडे लोक इतके रोखून पाहत नाहीत. एतद्देशीय ख्रिस्ती स्त्रियांना हा उपद्रव तितकासा होत नाही. म्हणजे सुटकेचा एक मार्ग डोळ्यांसमोर होता. पोशाख आणि धर्म बदलला की रस्ता काहीसा मोकळा होणार होता. आनंदीबाईंनी तो नाकारला. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही त्यांनी त्याच सभेत दिली. या ग्वाहीचा अर्थ पुष्कळदा केवळ धर्मनिष्ठा असा लावला गेला. त्यात दुसराही अर्थ आहे. रस्त्यावरच्या टवाळांना भिऊन स्त्रीने आपले रूप बदलावे, ही अट त्यांना मान्य नव्हती.

या ठिकाणी कायद्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८६० चा भारतीय दंडविधान कायदा १ जानेवारी १८६२ पासून अमलात होता. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द उच्चारणे वा हावभाव करणे हा त्याच्या ५०९ व्या कलमान्वये गुन्हा होता. आनंदीबाई श्रीरामपूरला बोलल्या तेव्हा हे कलम एकवीस वर्षांचे झाले होते. तरीही त्यांच्या युक्तिवादात संरक्षण देणारी व्यवस्था म्हणून कायदा येत नाही. येतो तो देश सोडण्याचा निर्णय. पुढे २०१३ साली लैंगिक छळ आणि पाठलाग यांसाठी स्वतंत्र कलमे आली आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या ५०९ व्या कलमाची जागा भारतीय न्याय संहितेच्या ७९ व्या कलमाने घेतली. कलमाचा क्रमांक बदलला तरी एक गाडी आधीची धरणाऱ्या मुलीचे वेळापत्रक त्याने बदलले आहे, असे म्हणवत नाही.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. न्यूजर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी पत्रव्यवहारातून जुळलेला स्नेह तेथे मायलेकींच्या नात्याइतका दृढ झाला. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. थंडी, आहाराचे हाल आणि ढासळती प्रकृती यांना तोंड देत त्यांनी अभ्यास पुरा केला. प्रबंधासाठी त्यांनी हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला होता. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली.

त्या परतल्या त्या क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन. १८८६ च्या अखेरीस मुंबईस उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. श्रीरामपूरच्या भाषणाला त्या दिवशी चार वर्षे आणि दोन दिवस झाले होते. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथील दफनभूमीत ठेवण्यात आल्या.

मृत्यूनंतर अल्पावधीतच त्या चरित्रविषय झाल्या. कॅरोलिन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये बॉस्टनला प्रसिद्ध झाले. श्रीरामपूरचे भाषण त्यात समाविष्ट आहे. मराठीत काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले आणि एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे चरित्र लिहिण्याची वाट मराठीत मोकळी केली. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली आली, आणि अंजली कीर्तने यांनी नव्वदच्या दशकात विस्तृत संशोधन करून चरित्र सिद्ध केले. एवढी सामग्री असूनही लोकमानसात ठसली ती सहनशील आनंदीबाईंची मूर्ती. रस्त्यावरचा छळ हा जणू मोठेपणाच्या वाटेवरचा अपरिहार्य काटा, आणि तो निमूटपणे सोसणे हा गुण, असे त्याचे रूप झाले. सावित्रीबाई फुले यांच्यावर पुण्याच्या रस्त्यावर शेण आणि चिखल फेकला गेला, या घटनेचेही असेच झाले. सोबत नेलेले दुसरे लुगडे लोकांच्या ध्यानात राहिले. शेण फेकणाऱ्याचा हात विस्मरणात गेला.

वास्तविक त्याच काळात वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी हा हात कोणाचा, हे विचारले होते. त्यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाईंच्या भाषणाच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाले. स्त्रियांच्या माथी मारले जाणारे दोष पुरुषांतच कसे अधिक आहेत, हे त्यांनी संतापाने मांडले. ताराबाईंचा सूर आरोपाचा आहे. आनंदीबाईंचा संयमी साक्षीदाराचा. दोघींनीही लाजेचे ओझे स्त्रीच्या खांद्यावरून उतरवून जेथे ठेवावयास हवे तेथे ठेवले. सोसणाऱ्या स्त्रीचा गौरव करणाऱ्या परंपरेने सांगणाऱ्या स्त्रीचे ऐकले असते, तर आनंदीबाईंच्या चरित्राचे तात्पर्य वेगळे निघाले असते.

ते तात्पर्य असे की, आनंदीबाईंनी अमेरिका गाठली हे त्यांचे कर्तृत्व, आणि त्यांना ती गाठावी लागली यात आपल्या रस्त्यांचाही वाटा होता. मेडशीच्या परिसरातील एखाद्या घरी मुलीचे नाव महाविद्यालयातून काढण्याचा विचार होतो, तेव्हा पुष्कळदा महाविद्यालयाविषयी कोणाची तक्रार नसते. तक्रार असते ती वाटेविषयी. ती तक्रार मुलगी घरी सांगत नाही, कारण सांगितले तर शिक्षण बंद होईल ही भीती. आनंदीबाईंनी ती भर सभेत, अनोळखी पुरुषांसमोर, सतराव्या वर्षी सांगितली. त्यांच्या चरित्राचा पाठ शिकविताना बोटीच्या तारखेबरोबर २४ फेब्रुवारी १८८३ ही तारीखही विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे. मुलींनी ती ऐकावी हे तर खरेच. परंतु वर्गात मागच्या बाकांवर बसलेल्या मुलांनी ती ऐकणे अधिक अगत्याचे आहे.