इग्नासियो सारागोसा

इग्नासियो सारागोसा सेगीन (२४ मार्च १८२९ – ८ सप्टेंबर १८६२) हे मेक्सिकोचे सेनापती व युद्धमंत्री होते. ५ मे १८६२ रोजी पुएब्ला शहराजवळ त्यांच्या नेतृत्वाखालील मेक्सिकन सैन्याने फ्रान्सच्या सैन्याचा पराभव केला. या विजयाच्या स्मरणार्थ दरवर्षी सिंको दे मायो (अर्थ: मे महिन्याची पाच तारीख) हा सण साजरा होतो. टकीला आणि मार्गारिटा यांच्या संगतीने हा सण आज जगभर ओळखला जातो. परंतु ज्यांच्यामुळे तो सुरू झाला, त्या सारागोसांचे नाव मेक्सिकोबाहेर फारसे परिचित नाही.

प्रारंभिक जीवन

सारागोसा यांचा जन्म बाहिया देल एस्पिरितू सांतो या लष्करी वसाहतीत झाला. हे ठिकाण त्या वेळी मेक्सिकोच्या कोआविला व टेक्सास या राज्यात होते. आज ते अमेरिकेच्या टेक्सास राज्यात असून त्याचे नाव गोलियाड आहे. वडील मिगेल सारागोसा हे सैनिक होते, तर आईचे नाव मारिया दे हेसूस सेगीन असे होते. १८३४ साली हे कुटुंब मातामोरोस येथे आणि १८४४ साली मॉन्तेरे येथे स्थलांतरित झाले. दरम्यान १८३६ साली टेक्सास मेक्सिकोपासून वेगळे झाले आणि सारागोसांची जन्मभूमी त्यांच्या बालपणीच परक्या देशात गेली.

मॉन्तेरे येथे त्यांनी धर्मगुरू होण्याचे शिक्षण घेण्यास प्रारंभ केला. परंतु त्या मार्गात मन न रमल्याने १८४६ साली त्यांनी ते शिक्षण सोडले. त्याच वर्षी अमेरिका व मेक्सिको यांच्यात युद्ध सुरू झाले. सारागोसांनी सैन्यात भरती होण्याचा प्रयत्न केला. मात्र त्यांना प्रवेश मिळाला नाही. या युद्धात मेक्सिकोने आपला जवळपास अर्धा भूप्रदेश गमावला. त्यानंतर काही वर्षे त्यांनी व्यापारी पेढीवर काम केले.

लष्करी व राजकीय कारकीर्द

१८५३ साली सारागोसा नुएव्हो लेओन राज्याच्या नागरी सेनेत दाखल झाले. हुकूमशहा सांता आना यांच्याविरुद्ध १८५४ साली सुरू झालेल्या आयुत्ला उठावात त्यांनी उदारमतवाद्यांची बाजू घेतली. सांता आना यांची सत्ता गेल्यावर १८५७ साली नवे संविधान अमलात आले. चर्च आणि लष्कर यांचे विशेषाधिकार कमी करणाऱ्या या सुधारणांना पुराणमतवाद्यांनी विरोध केला आणि देशात यादवी युद्ध पेटले. हे युद्ध ‘सुधारणांचे युद्ध’ म्हणून ओळखले जाते. २२ डिसेंबर १८६० रोजी काल्पुलाल्पान येथे झालेल्या निर्णायक लढाईत सारागोसा उदारमतवादी सैन्याच्या प्रमुख सेनानींपैकी एक होते.

एप्रिल १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांनी त्यांची युद्धमंत्री म्हणून नेमणूक केली. त्या वेळी ते ३२ वर्षांचे होते. परकीय आक्रमणाचे सावट आल्यावर वर्षअखेरीस ते मंत्रिपद सोडून पुन्हा रणांगणावर गेले.

कौटुंबिक जीवन

जानेवारी १८५७ मध्ये सारागोसा यांचा विवाह राफाएला पादिया यांच्याशी मॉन्तेरे येथे झाला. लष्करी कामगिरीमुळे ते स्वतः विवाहास उपस्थित राहू शकले नाहीत. त्यांच्या वतीने त्यांचे बंधू मिगेल हे विधीला उभे राहिले. या दांपत्याच्या अपत्यांपैकी केवळ एक कन्या जगली. जानेवारी १८६२ मध्ये राफाएला यांचे निधन झाले, तेव्हाही सारागोसा आघाडीवर होते. पत्नीच्या मृत्यूनंतर चार महिन्यांच्या आतच पुएब्लाची लढाई झाली.

पुएब्लाची लढाई

यादवी युद्धामुळे मेक्सिकोचा खजिना रिकामा झाला होता. १७ जुलै १८६१ रोजी हुआरेस सरकारने परकीय कर्जांची फेड दोन वर्षांसाठी स्थगित केली. त्यावर ब्रिटन, स्पेन व फ्रान्स यांनी लंडन येथे करार करून आपली सैन्ये वेराक्रुस बंदरात उतरवली. वाटाघाटींनंतर ब्रिटन व स्पेन यांनी एप्रिल १८६२ मध्ये माघार घेतली. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याला मात्र केवळ कर्जवसुली नको होती. मेक्सिकोत आपल्या प्रभावाखालील राजसत्ता स्थापन करणे हा त्याचा हेतू होता.

जनरल लोरांसे यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ६,००० फ्रेंच सैनिक राजधानीच्या दिशेने निघाले. २८ एप्रिल रोजी आकुल्त्सिंगोच्या घाटात त्यांना अडवून सारागोसा पुएब्लाकडे मागे हटले. त्यांच्या सैन्याची संख्या फ्रेंचांपेक्षा कमी होती आणि शस्त्रेही जुनी होती. सैन्यात पुएब्लाच्या डोंगराळ भागातील आदिवासी शेतकऱ्यांच्या तुकड्यांचाही समावेश होता. शहरातील पुराणमतवादी गटांचा कल फ्रेंचांकडे असल्याने नागरिकांच्या पूर्ण पाठिंब्याचीही खात्री नव्हती.

सारागोसांनी शहराच्या उत्तरेकडील टेकड्यांवरील लोरेतो व ग्वादालुपे या किल्ल्यांचा आधार घेऊन बचावाची रचना केली. ५ मे रोजी लोरांसे यांनी याच बळकट बाजूवर समोरून हल्ला चढवला. चढावरून येणाऱ्या फ्रेंच तुकड्या वारंवार परतवल्या गेल्या. दुपारी जोरदार पाऊस झाल्याने उतार चिखलाने निसरडे झाले. मिगेल नेग्रेते यांनी टेकड्यांवर, तर पुढे मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष झालेले पोर्फिरिओ दियास यांनी सपाट भागात महत्त्वाची कामगिरी बजावली. संध्याकाळपर्यंत फ्रेंच सैन्याने माघार घेतली आणि पुढे ते ओरिसाबा येथे परतले. सारागोसांनी तारेने विजयाची वार्ता राजधानीस कळवली. ९ मे रोजी हुआरेस यांनी ५ मे हा राष्ट्रीय सण म्हणून घोषित केला.

मृत्यू आणि नंतरचा काळ

जूनमध्ये ओरिसाबा परत घेण्याचा मेक्सिकन सैन्याचा प्रयत्न फसला. त्यानंतर सैन्यात ज्वराची साथ पसरली व सारागोसांनाही तिची लागण झाली. ८ सप्टेंबर १८६२ रोजी, वयाच्या ३३ व्या वर्षी, पुएब्ला येथे त्यांचे निधन झाले. राजधानीत त्यांच्यावर शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार करण्यात आले. ११ सप्टेंबर रोजी शहराचे नाव ‘पुएब्ला दे सारागोसा’ असे करण्यात आले.

पुढील वर्षी फ्रेंचांनी मोठी कुमक आणून पुएब्लाला वेढा घातला आणि मे १८६३ मध्ये शहर जिंकले. १८६४ साली ऑस्ट्रियाचा माक्सिमिलियन मेक्सिकोचा सम्राट झाला. १८६७ साली त्याला मृत्युदंड देण्यात आला आणि प्रजासत्ताकाची पुनःस्थापना झाली. त्यामुळे पुएब्लाचा विजय हा युद्धाचा शेवट नव्हता. परंतु बलाढ्य युरोपीय सैन्यालाही रोखता येते, हा विश्वास त्याने निर्माण केला.

सिंको दे मायो आणि मेक्सिकन पेये

विजयाची बातमी कळताच कॅलिफोर्नियातील मेक्सिकन लोकांनीही तेथे हा दिवस साजरा करण्यास प्रारंभ केला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेक्सिकन-अमेरिकनांच्या नागरी हक्क चळवळीने या सणाला नवे बळ दिले. १९८० च्या दशकापासून बिअर व मद्य कंपन्यांनी केलेल्या जाहिरातींमुळे अमेरिकेत त्याचे स्वरूप खाद्य-पेयांच्या उत्सवाचे झाले. या व्यापारीकरणावर मेक्सिकन-अमेरिकन समाजातूनही टीका झाली आहे. अनेक जण या दिवसाला मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन समजतात. प्रत्यक्षात स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबर रोजी असतो.

या सणात सर्वाधिक प्रचलित असलेले मार्गारिटा हे कॉकटेल टकीला, संत्र्याच्या स्वादाचे मद्य आणि लिंबाचा रस यांपासून बनते. पेल्याच्या कडेला मीठ लावण्याची पद्धत आहे. हे पेय विसाव्या शतकातील असल्याने सारागोसांच्या काळात ते अस्तित्वात नव्हते. टकीला हे नील अगावेपासून ऊर्ध्वपातनाने तयार होते. अगावे हे महाराष्ट्रात घायपात म्हणून परिचित असलेल्या वनस्पतींचे कुटुंब होय. टकीलाचे मूळ क्षेत्र पश्चिमेकडील हालिस्को राज्य आहे. मेस्काल हे मद्य जमिनीतील खड्ड्यात भाजलेल्या अगावेच्या गाभ्यापासून करतात. पुएब्लासह मध्य पठारावर एकोणिसाव्या शतकात सर्वसामान्यांचे पेय पुल्के हे होते; ते अगावेचा रस आंबवून केले जाते, त्याचे ऊर्ध्वपातन होत नाही. दूध, अंडी, साखर व दालचिनी यांपासून बनणारे रोम्पोपे हे मद्ययुक्त पेय पुएब्लातील ख्रिस्ती मठांच्या परंपरेशी जोडले जाते.

पुएब्लामध्ये मात्र या दिवसाचे मुख्य आकर्षण लष्करी व शालेय संचलन हे असते.

स्मारके

सारागोसांचे पार्थिव प्रथम मेक्सिको सिटीतील सान फर्नांदो दफनभूमीत होते. १९७६ साली त्यांचे अवशेष पुएब्लाला आणण्यात आले. मेक्सिकोच्या ५०० पेसोंच्या नोटेवर दीर्घकाळ त्यांचे चष्मा घातलेले चित्र होते. गोलियाड येथे त्यांचे जन्मस्थान ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन करण्यात आले असून तेथे त्यांचा पुतळाही आहे.