वेड पांघरून वॉशिंग्टनला!

२६ मार्च १९५२. अमेरिकन सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीपुढे एका नटीची चौकशी सुरू होती. कुठल्या पत्रकावर सही केली? कुठल्या संस्थेला मदत केली? सोबत कोण कोण होतं? साक्षीदार पार गोंधळलेली. तिला आठवेना, राजकारणातलं काही कळेना, उत्तरं भलतीकडेच जायची. पडद्यावर दिसायची तशीच बावळट!

तिचं नाव ज्युडी हॉलिडे. बुद्ध्यांक १७२ असल्याचं सांगितलं जातं.

न्यूयॉर्कच्या एका ज्यू कुटुंबात २१ जून १९२१ रोजी तिचा जन्म झाला. आडनाव तूविम. हिब्रूत 'यमीम तोविम' म्हणजे सणाचे दिवस. त्यावरूनच पुढे 'हॉलिडे' झालं. शिक्षण आटोपून ती ऑर्सन वेल्सच्या मर्क्युरी थिएटरमध्ये कामाला लागली, पण रंगमंचावर नाही, टेलिफोन ऑपरेटर म्हणून! मग बेटी कॉमडेन, अडॉल्फ ग्रीन अशा मित्रांसोबत तिनं 'द रेव्ह्युअर्स' हा ग्रुप काढला. ग्रेनिच व्हिलेजमधल्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' क्लबमध्ये ही मंडळी स्वतः लिहिलेली विनोदी प्रहसनं आणि गाणी सादर करायची.

नशीब उघडलं ते १९४६ मध्ये. गार्सन कॅनिनच्या 'बॉर्न यस्टर्डे' नाटकाचे ब्रॉडवेआधीचे प्रयोग सुरू असताना नायिका जीन आर्थरनं नाटक सोडलं. ज्युडीनं मोजक्या दिवसांत अख्खी भूमिका पाठ केली आणि नाटक तुफान चाललं. भंगारच्या धंद्यात गब्बर झालेल्या माणसाची ही अडाणी मैत्रीण, बिली डॉन. तो तिला वॉशिंग्टनला घेऊन येतो आणि चारचौघांत शोभावी म्हणून शिकवणी लावतो. पोरगी वाचायला लागते आणि त्याचेच काळे धंदे तिला कळायला लागतात.

सिनेमाचे हक्क कोलंबिया स्टुडिओनं घेतले, पण स्टुडिओचा मालक हॅरी कोहन याला ज्युडी नको होती. मग 'अ‍ॅडम्स रिब' (१९४९) मध्ये तिला छोटी पण दमदार भूमिका मिळाली. त्यात कॅथरिन हेपबर्नसमोरच्या एका लांबलचक प्रसंगात कॅमेरा जवळपास ज्युडीवरच रोखलेला आहे. कोहनला नमतं घ्यावं लागलं. १९५१ मध्ये बेटी डेव्हिस आणि ग्लोरिया स्वान्सन यांना मागे टाकून ज्युडीनं 'बॉर्न यस्टर्डे'साठी ऑस्कर पटकावलं.

पण त्याआधीच, १९५० मध्ये, 'रेड चॅनल्स' नावाची पुस्तिका निघाली होती. कम्युनिस्टांशी लागेबांधे असल्याचा संशय घेऊन १५१ जणांची नावं त्यात छापली होती. ज्युडीचंही होतं. त्या काळात सुटकेचा सोपा रस्ता एकच, दुसऱ्यांची नावं सांगायची. अनेकांनी सांगितली. गप्प बसावं, तर करिअर संपणार. ज्युडीनं बिली डॉनला मदतीला बोलावलं. ती बावळटपणे बोलत राहिली आणि एकाही मित्राला अडकवलं नाही. किंमत मोजावी लागलीच. रेडिओ-टीव्हीची दारं काही काळ बंद झाली. सिनेमे मात्र मिळत राहिले.

१९५६ मध्ये जुन्या दोस्तांनी, कॉमडेन आणि ग्रीननं, खास तिच्यासाठी 'बेल्स आर रिंगिंग' हे संगीत नाटक लिहिलं. भूमिका? टेलिफोन ऑपरेटरची! त्यासाठी तिला टोनी पुरस्कार मिळाला. १९६० मध्ये त्याच नाटकावरचा सिनेमा आला, तो तिचा शेवटचा. ७ जून १९६५ रोजी स्तनाच्या कॅन्सरनं ती गेली. चव्वेचाळिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता.

'बॉर्न यस्टर्डे' मिळाला तर पत्त्यांचा सीन अजिबात चुकवू नका. समोर तो गब्बर शेठ, आणि ही गुणगुणत, पत्ते लावत बसलेली. हिला काय कळतंय, असं त्याला वाटत असतं. प्रत्येक डाव तीच जिंकते.